पाच खोल्या, चौदा दारं

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं म्हणतात. मी दोन्ही केलं. लग्नात दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी लक्ष घातलं होतं म्हणून ते नीट पार पडलं. घर मात्र मी एकट्याने, स्वतःच्या अकलेने बांधलं.

लातुरात मी आयुष्यभर गणित शिकवलं. भूमितीच्या आकृत्या फळ्यावर बऱ्या काढायचो, त्यामुळे घरबांधणीतलंही मला कळतं असा समज आमच्या कॉलनीत पसरला होता. तो मीच पसरवला होता. कोणी बांधकाम काढलं की संध्याकाळी माझ्याकडे यायचं, "सर, आर्किटेक्ट लावावा का हो?" माझं उत्तर ठरलेलं होतं. "आर्किटेक्ट म्हणजे आपल्याच प्लॉटवर रेघा मारून आपल्याचकडून पैसे घेणारा माणूस. रेघा मारायला पट्टी लागते. पट्टी माझ्याकडे आहे." हेच स्टाफरूममध्ये सांगितलं की हमखास हशा व्हायचा. त्या हशाच्या भरात मी किती जणांची घरं बिघडवली, देव जाणे. ज्यांची बिघडली ते अजूनही रस्त्यात नमस्कार करतात, हा त्यांचा मोठेपणा.

आता माझं उत्तर बदललं आहे. कसं बदललं ते सांगायचं तर दारांपासून सुरुवात करावी लागेल, आणि दारांचं सांगायचं तर भूकंपापासून.

भूकंप झाला तेव्हा आम्ही जुन्या लातुरात भाड्याच्या माळवदाच्या घरात राहत होतो. दगडमातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडांवर मातीचा थर. उन्हाळ्यात गार राहतं म्हणून आम्ही त्या घराचं कौतुक करायचो. मुलगी पाच महिन्यांची होती. त्या पहाटेचं वर्णन मी पुढे कितीतरी वेळा केलं आहे. शाळेत, लग्नाच्या पंगतीत, नांदेडला सासुरवाडीच्या ओसरीवर. "भांडी पडायला लागली. मी लगेच ओळखलं. आम्ही तिघं धावत बाहेर आलो, आणि चौकट अशी वाकली की आमच्यामागे दार जाम झालं!" ऐकणारे हळहळायचे. बायको त्या वेळी जवळ असली तर पदराने हात पुसत आत जायची. मला वाटायचं, तिला ती आठवण सहन होत नाही.

आमचं घर उभं राहिलं. औशाकडची, निलंग्याकडची गावंच्या गावं मात्र झोपेत गाडली गेली. मी बाकी कशाचीही टिंगल करू शकतो, त्याची नाही. पुढे कित्येक महिने अख्खं लातूर अंगणात, रस्त्यात, पत्र्याच्या शेडमध्ये झोपत होतं. छताखाली डोळा लागायचा नाही. आमच्या गल्लीत तर एक जण रात्रभर पायात चपला घालून झोपायचा. तो मीच.

दोनेक वर्षांनी कर्ज मिळालं, गावाबाहेर प्लॉट घेतला आणि मी आलेखवही घेऊन बसलो. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. माझं तर्कशास्त्र साधं होतं. एक दार जाम होऊ शकतं, दोन एकदम होणार नाहीत. म्हणून प्रत्येक खोलीला थेट बाहेर पडायला किमान एक दार, शिवाय एका खोलीतून दुसरीत जायला एकेक. स्वयंपाकघर धोक्याचं, गॅस असतो, म्हणून त्याला चार. आकृती पुरी झाल्यावर मोजली तर पाच खोल्यांना चौदा दारं आली. मला स्वतःचा अभिमान वाटला. पालिकेत द्यायला सहीशिक्क्याचा नकाशा लागतो, तो एका माणसाकडून करून घेतला. त्याने दुसऱ्या कोणाच्या तरी घराच्या नकाशावर माझं नाव घातलं. त्या घराला सहाच दारं होती. मी त्याला हसलो.

वीटकाम करणारे मिस्त्री लातूरचे पिढीजात. त्यांच्या आजोबांनी म्हणे निजामाच्या काळात कचेऱ्यांच्या कमानी बांधल्या होत्या. त्यांनी माझी आलेखवही उलटसुलट धरून पाहिली आणि म्हणाले, "सर, इत्ते दरवाजे कायकू?"

"भूकंपासाठी."

"भूकंपाला भिंत लागते सर, दरवाजा न्हाई. दरवाजा म्हणजे भिंतीतलं भोक. इत्ते भोक पाडले तर दीवार में दम नै रैता."

मी त्यांना संभाव्यता समजावून सांगितली. दोन दारं एकाच वेळी जाम होण्याची शक्यता किती कमी, ते वाळूवर बोटाने मांडून दाखवलं. मिस्त्रींनी ते शांतपणे बघितलं, मग पायाने पुसलं, कारण तिथे त्यांना सिमेंट कालवायचं होतं.

बायकोने एकदाच तोंड उघडलं. पाया भरून भिंती कमरेपर्यंत आल्या होत्या. ती स्वयंपाकघर होणार होतं तिथे उभी राहिली, चारी बाजूंनी फिरली आणि म्हणाली, "अहो, एक भिंत तरी अख्खी ठेवा की."

"भिंत काय करायची? भिंतीतून पळता येतं का?"

माझं वाक्य मला इतकं आवडलं की ते मी दुसऱ्या दिवशी शाळेत सांगितलं.

राहायला गेल्यावर कळलं की माणसाला घरात पळण्याखेरीज इतरही कामं असतात. लोखंडी कपाट कुठे ठेवायचं? जिथे ठेवावं तिथे दार. शेवटी ते खोलीच्या मधोमध उभं राहिलं, लग्नात ओळखीचं कोणी न भेटलेल्या पाहुण्यासारखं. पलंग लावला की एक दार बंद करावं लागायचं आणि बंद केलं की मला झोप यायची नाही, म्हणून पलंग दर आठवड्याला फिरायचा. स्वयंपाकघरात चारी दिशांचा वारा. बायको शेगडीभोवती पत्र्याचा डबा आडवा लावून पोळ्या भाजायची. मांजरं एका दाराने येऊन दुसऱ्याने जायची, हा त्यांचा रहदारीचा रस्ताच झाला. एकदा माझ्याकडे शिकवणीची चौकशी करायला आलेले एक गृहस्थ कुठल्या दाराने आले कोण जाणे, ते थेट न्हाणीच्या तोंडाशी निघाले. मी आत होतो. चौकशी आम्ही तशीच पुरी केली. रोज संध्याकाळी चौदा कड्या लावायच्या आणि सकाळी चौदा काढायच्या, हा माझा व्यायाम. घर माझ्या नावावर होतं, पण नोकरी मी तिथे वॉचमनची करत होतो.

चूक कबूल करायची माझी तयारी जवळजवळ झाली होती. पण माझं दुर्दैव असं की ऐन वेळी नशीब उघडलं.

लातुरात क्लासेसचा जमाना आला. बारावीचा निकाल लागला की आमच्या गावाचं नाव पेपरात झळकायचं, आणि जूनमध्ये लोह्याहून, देगलूरहून, पार माहूरहून आईबाप मुलांना घेऊन गाद्या-बादल्यांसकट स्टँडवर उतरायचे. खोल्या मिळेनात. लोक गच्चीवर पत्रे टाकून, गोठे सारवून भाड्याने देऊ लागले. अशात लोह्याचे एक शेतकरी मुलीसाठी खोली बघत आमच्या फाटकाशी आले. त्यांनी घराला बाहेरून एक चक्कर मारली आणि त्यांचे डोळे चमकले.

"सर, हरेक खोलीला अलग दरवाजा हाय की! लई डोकं लावून बांधलंय तुमी. पोरीला कुणाच्या घरातून जाणंयेणं न्हाई. असं घर म्या अख्ख्या लातुरात न्हाई बघितलं."

मीही नव्हतं बघितलं. पण मी गंभीर चेहरा करून म्हणालो, "पुढचा विचार करूनच बांधलंय."

तिथून माझा पाय जमिनीवर राहिला नाही. पाचातल्या तीन खोल्या मुलींना दिल्या, मधली दारं कडी घालून बंद केली आणि आम्ही उरलेल्या दोन खोल्यांत आलो. इतर घरमालक माझा 'प्लॅन' बघायला येऊ लागले. मी त्यांना आलेखवहीतून उतरवून दिला, वर दूरदृष्टीवर व्याख्यान दिलं. आमच्या कॉलनीत आजही सात-आठ घरं अशी आहेत की त्यांना खिडक्यांपेक्षा दारं जास्त आहेत. आंधळ्याने आंधळ्याला वाट दाखवावी तसा प्रकार, पण मी तेव्हा स्वतःला दूरदर्शी समजत होतो. भिंतींना दारांच्या कोपऱ्यांपासून तिरक्या भेगा जायच्या. दर दिवाळीला मी त्या पांढऱ्या सिमेंटने भरायचो आणि काळ्या जमिनीला शिव्या द्यायचो.

मग मोठाली वसतिगृहं उभी राहिली. लिफ्ट, गरम पाणी, मेस. मुली तिकडे गेल्या. आमची मुलगीही शिकून, लग्न होऊन पुण्याला गेली होती. चौदा दारांच्या घरात आम्ही दोघं आणि मांजरं उरलो. बायकोचे गुडघे दुखायला लागले. मुलगी फोनवर म्हणाली, "बाबा, घर नीट करून घ्या. आणि या वेळी तुमची आलेखवही नाही, आर्किटेक्ट." मी दोन महिने टाळलं. तिसऱ्या महिन्यात तिने परस्परच नांदेडच्या एका आर्किटेक्ट बाईंना पाठवून दिलं.

बाई कसल्या, माझ्या जुन्या विद्यार्थिनींच्या वयाची मुलगी. गळ्यात मोजमापाचं यंत्र, भिंतीवर लाल ठिपका टाकून लांबी सांगणारं. मी आधीच नवा नकाशा काढून ठेवला होता, रंगीत पेन्सिलींनी. तो तिच्यासमोर ठेवून मी फीचा विषय काढला. "हे बघा, प्लॅन मी केलेलाच आहे. तुम्हाला नुसतं तपासायचंय. तेव्हा फी निम्मी घ्या."

"सर, तुमच्या शिकवणीला पोरगी गणित सोडवून आली तर तुम्ही फी निम्मी करायचा का?"

"उत्तर बरोबर असेल तर करायचो."

"असेल तर," ती म्हणाली, आणि वही न उघडता आत गेली.

मला वाटलं खोल्या मोजेल. ती स्वयंपाकघरात पाटावर बसली आणि बायकोने चहा ठेवला. चहा झाला, वाटाणे सोलणं सुरू झालं, ती तिथेच. दोन तास! मी बैठकीत येरझाऱ्या घालत होतो. एकदा आत डोकावून म्हणालो, "मॅडम, मापं?" ती म्हणाली, "घेऊन राहिले सर." हातात तर वाटाण्याच्या शेंगा होत्या. अशा कामाची फी द्यायची म्हणजे कमाल झाली, असं मनात म्हणत मी दाराआड उभा राहिलो. आमच्या घरात आड उभं राहायला दारांची कमतरता नव्हती.

"काकू," ती विचारत होती, "दिवसभरात तुम्ही बसता कुठं?"

बायकोने आणखी एक शेंग सोलली.

"बसत न्हाई," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"पाठ टेकायला भिंत कुठं हाय? सगळीकडं दारंच. नांदेडला आमच्या क्वार्टरात माजघरात एक भिंत होती. आई दुपारचं तिला टेकून तांदूळ निवडायची. डोक्याचा तेलकट डाग पडला होता भिंतीवर, दर वर्षी चुना मारला तरी वर यायचा. मी यांना म्हणाले होते, एक भिंत ठेवा. तेव्हा यांना पळायचं होतं."

तिचे वडील रेल्वेत होते. त्या क्वार्टरात मी जावई म्हणून कितीदा जेवलो असेन. तो डाग मीही बघितला होता आणि मनात म्हणालो होतो, काय हे, रंग का देत नाहीत. या घराला तोवर पंचवीस वर्षं झाली होती. तेवढी वर्षं माझी बायको टेकून बसली नव्हती, आणि मला ते दिसलं नव्हतं. मला स्वतःची लाज वाटली.

मी आत गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून नेहमीची गोष्ट सुरू केली. "त्याचं असं आहे मॅडम, भूकंप झाला तेव्हा आम्ही तिघं धावत बाहेर आलो, आणि..."

"हे आले," बायको म्हणाली. "आम्ही नंतर आलो."

तिने हे रागाने म्हटलं नाही. वाटाणे किती निघाले ते सांगावं तसं म्हटलं.

आता लपवण्यात अर्थ नाही. त्या पहाटे भांडं पडल्याबरोबर मी उठलो आणि पळालो. बायकोकडे बघितलं नाही, पाळण्याकडे बघितलं नाही. अंगणात पोचलो तेव्हा कळलं की मी एकटाच आहे. दार जाम झालं होतं हे खरं. पण ते माझ्यामागे जाम झालं होतं, आणि त्या दोघी आत होत्या. आतून ती दार ठोकत होती, वरून माती पडत होती, मुलगी रडत होती. मी बाहेरून ढकलत होतो. शेजारचे दोघं धावत आले म्हणून ते उघडलं. किती वेळ लागला मला माहीत नाही. तिला माहीत असेल. ती बाहेर आली तेव्हा तिच्या केसांत माती होती आणि तिने मला पहिलं काय विचारलं असेल? "तुम्हाला लागलं न्हाई ना?"

चौदा दारं मी भूकंपासाठी बांधली नव्हती. ती मी त्या एका दारासाठी बांधली होती.

आर्किटेक्ट मुलीने माझ्याकडे बघायचं टाळलं, हा तिचा चांगुलपणा. ती उठली, दाराच्या कोपऱ्यातली माझी पांढऱ्या सिमेंटची रेघ नखाने खरवडली आणि म्हणाली, "सर, या भेगा काळ्या जमिनीच्या न्हाईत. भिंती फार तुटक झाल्यात, त्यांना एकमेकींचा आधार राहिला न्हाई. मोठा धक्का बसला असता तर हे घर पहिल्यांदा दारांपाशीच उघडलं असतं." मिस्त्रींनी वाळूवरचं माझं गणित पायाने पुसलं होतं, ते मला आठवलं.

आठ दारं बुजवली. नुसत्या विटा कोंबल्या नाहीत. तिने भिंती कोपऱ्यांत लोखंडाने नीट बांधून घेतल्या आणि चौकटींच्या वरून सगळ्या घराला सिमेंट-सळईचा पट्टा फिरवला. काम मिस्त्रींच्या मुलाने केलं. म्हातारे मिस्त्री एके दिवशी खुर्ची टाकून बसले आणि दार बुजताना बघत म्हणाले, "मैं तभीच बोल्या था, सर." मी म्हणालो, "हाव मिस्त्री, बोलला होता." पूर्ण फी दिली, कुरकूर न करता. म्हणजे थोडी केली, पण सवयीने.

स्वयंपाकघराची पूर्वेकडची भिंत अख्खी झाली. खाली बसायला फरशीचा रुंद कट्टा, गुडघ्यांना सोसेल इतक्या उंचीचा. पहिल्या दुपारी बायको तिथे टेकून बसली आणि बसल्या बसल्या झोपली. मी चहा करून आणला आणि तो गार होईपर्यंत हातात धरून उभा राहिलो.

परवा सकाळी पेपर वाचत होतो. हिंगोली-नांदेडकडे अधूनमधून धक्के बसतात, ते कधीकधी आमच्यापर्यंत येतात. रॅकमधली ताटं किणकिणली. बाहेरचं दार माझ्यापासून दोन पावलांवर होतं, आणि माझे पाय दाराकडे वळलेसुद्धा. खोटं कशाला बोलू. पण मी मागे फिरलो आणि आत गेलो. मी पोचेपर्यंत धक्का थांबलाही होता, तेव्हा यात शौर्य वगैरे काही नाही. बायको भिंतीला टेकून मेथी निवडत होती. तिने वर बघितलं. मी हात पुढे केला.

"आधी गॅस बंद करा," ती म्हणाली.

मी गॅस बंद केला, तिला उठवलं, आणि गुडघ्यांच्या बेताने आम्ही एकेक पाऊल टाकत निघालो. दारात मी तिला पुढे जाऊ दिलं. गल्लीत सगळे जमले होते. समोरच्या घरातले, माझ्याच सल्ल्याने अकरा दारं बसवलेले गृहस्थ हसत म्हणाले, "काय सर, सगळ्यांत आधी पळाला असाल!"

"ही आधी आली," मी म्हणालो. "मी नंतर आलो."

तिच्या हातात मेथीची जुडी तशीच होती. ती तिने दुसऱ्या हातात घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं आणि त्यांना म्हणाली, "हाव, खरं हाय. हे नंतर आले."